सोजरबाईंची साक्ष

दुसऱ्यांच्या घरी एक तारीख म्हणजे पगार, पेन्शन, नाहीतर भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटायचं. मीनलच्या घरी एक तारीख म्हणजे सासूची साक्ष. पंचवीस तारीख उलटली की मीनल जपून वागायला लागायची. भाकरी करपली तर ती आधी स्वतः खाऊन टाकायची, पुरावा उरू नये म्हणून. नवऱ्याशी भांडायचं असलं तर ते दोन तारखेनंतर. ताप आला तरी अंगावर काढायचा, कारण सोजरबाईंना कळलं की तो ताप मीनलचा उरत नसे. तो देवाचा होई, आणि देवाचा झाला की माइकवर जाई.

गाव तामसीच्या अलीकडे, बसच्या फाट्यापासून एक किलोमीटर आत. बोलणं घरोघरी मराठी, पण प्रार्थना तेलुगूत, कारण पास्टर आदिलाबादहून मोटारसायकलवर येतात. त्यांना सगळे अय्यगारू म्हणतात. दर महिन्याच्या एक तारखेला पहाटे साडेपाचला पत्र्याच्या खोलीत नव्या महिन्याची प्रार्थना होते. आधी गाणी होतात. मग अय्यगारू त्या महिन्याचं वाग्दान सांगतात, म्हणजे देवानं या महिन्यापुरता दिलेला शब्द, आणि त्याचं छापील कार्ड घरटी एक वाटतात. कार्ड तेलुगूत असतं. मीनलच्या सासऱ्यांनी, धोंडीबांनी, मार्चचं कार्ड भिंतीवर उलटं चिकटवलं होतं आणि मे महिन्यापर्यंत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. देवाची कृपा त्या दोन महिन्यांत इतर महिन्यांइतकीच झाली.

कार्डानंतर साक्षी. सरल्या महिन्यात देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं आणि मगच नव्या महिन्यात पाय ठेवायचा. हा कारभार वामनरावांकडे. ते तीस वर्षं तहसीलमध्ये शिपाई होते आणि साहेबापुढे लोक कसे बोलतात ते त्यांनी दाराआडून पुष्कळ ऐकलं होतं. त्यामुळे एखादी बाई गहिवरून बोलायला लागली की ते हळूच म्हणत, “मुख्तसर सांगा, थोडक्यात. तारीख कोनती?” अय्यगारूंसाठी मराठीचं तेलुगूही तेच करत, पाच मिनिटांचं दोन वाक्यांत. म्हणून समोरच्या बाया कशानं रडतात हे अय्यगारूंना बरेचदा कळायचं नाही.

पण सोजरबाईंपुढे वामनरावांचंही काही चालत नसे. नऊ वर्षांपूर्वी टायफॉइडात सोजरबाईंचा आवाज गेला होता. चाळीस दिवस घशातून हूं की चूं निघालं नाही. अय्यगारूंनी गळ्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि आवाज परतला. ते चाळीस दिवस कसे गेले असं कुणी विचारलं तर धोंडीबा जरा आठवून म्हणत, बरे गेले. सोजरबाई मात्र म्हणत की आवाज देवानं दिला, तो त्याच्याच कामी लावायचा. आणि त्यांनी तो लावला. आयुष्यभर भाजी विकलेली बाई, गिऱ्हाइकाला धरून ठेवणं त्यांना शिकवावं लागलं नव्हतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, वाईट बातमी कितव्या वाक्याला सांगायची, सगळं त्यांना बरोबर कळे. खोलीवर एक भोंगा होता, त्याचं तोंड गल्लीकडे. समोरचे किराणावाले भगवानराव मारुतीचे पक्के भक्त, पण एक तारखेला त्यांचं दुकान अर्धा तास लवकर उघडे आणि ते पायरीवर चहा घेऊन बसत.

तर या आवाजाला दर महिन्याला काहीतरी सांगायला लागे, आणि ते घरातूनच येई. धोंडीबांची दाढ अशी तीन भागांत निघाली की लोक पुढच्या महिन्याची वाट पाहत राहिले. या ऑगस्टच्या एक तारखेला मीनलच्या नवऱ्याची, जीवनची, मूळव्याध बरी झाली. जीवन लगेज ऑटो चालवतो. त्यानंतर आठ दिवस फाट्यावर कुणी त्याला “बस ना जीवनभाऊ” म्हटलं की बाकीचे तोंड फिरवून हसत. तो आईला काही बोलला नाही. आईला काही बोलायचं तर तेही पुढच्या एक तारखेला निघालं असतं.

मूळव्याध, दाढ, करपलेली भाकरी, हे सगळं मीनलनं सोसलं असतं. तिचं दुखणं वेगळं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा दिवस गेले. एक जुलैला सोजरबाईंनी ते सांगितलं, आणि पाळण्याच्या दोरीच्या रंगासकट सांगितलं. वीस जुलैला सगळं संपलं. एक ऑगस्टला त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि तेही सांगितलं, कारण साक्ष काही फक्त सुखाचीच द्यायची नसते. अख्खी खोली रडली. मीनलला रडता आलं नाही, तिच्या वाटचं रडणं लोकांनीच आटोपून टाकलं होतं. दुसऱ्या खेपेला तिनं सासूचे पाय धरले, म्हणाली, आत्याबाई, तीन महिने कुणाला सांगू नका. सोजरबाईंनी शब्द दिला. आणि पाळलाही, आपल्या परीनं. एक तारखेला त्या म्हणाल्या, “मी नाव सांगनार नाई. पन माह्या घरी देवानं एका बाईची कूस भरली हाय. कोनाची, ते इचारू नोका.” घरात बाया दोन. त्यातल्या एक सोजरबाई, वय वर्षं सत्तावन्न.

चौथ्या महिन्यात तेही गेलं. मग आदिलाबादच्या रैतू बाजारात, म्हणजे शेतकरी बाजारात, शेजारी बसणाऱ्या भाजीवाल्या, फाट्यावरचे ऑटोवाले, सगळ्यांनी मीनलचं सांत्वन केलं. बसच्या कंडक्टरनं बायांचं फुकटचं तिकीट फाडता फाडता केलं. त्या दिवशी मीनलनं ठरवलं की आता पुन्हा दिवस गेले तर घरातल्या मांजरालाही कळू द्यायचं नाही. आणि मनाच्या तळाशी तिनं आणखी एक गोष्ट धरून ठेवली, जी ती स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोलली नव्हती. हे सासूच्या तोंडानं होतं. सांगितलं की जातं.

या ऑगस्टच्या मध्यावर तिला तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं. कळलं ते शीतलमुळे. शीतल गावची आशा कार्यकर्ती, बौद्धवाड्यातली, मीनलच्याच वयाची. घरोघरचं सगळं तिला माहीत असतं आणि ती गप्प बसू शकते, हा तिचा मोठा गुण. रैतू बाजाराचं निमित्त करून ती मीनलला आदिलाबादला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पिशवी नाजूक आहे, वजन अजिबात उचलू नको, गोळ्या चुकवू नको, बाकी घाबरू नको, म्हणाल्या. गोळ्या मीनलनं तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी दडवल्या. जीवनलाही सांगितलं नाही. जीवन मनाचा चांगला, पण आईनं नुसतं “काय रे” म्हटलं तरी त्याचा चेहरा सगळं सांगून मोकळा होतो.

राहता राहिलं वजन. भाजीच्या मळ्यात वजन न उचलता सुनेनं दिवस कसा काढावा? मीनलनं पाठ धरल्याचं कारण तयार ठेवलं होतं, पण ते वापरायची पाळीच आली नाही. नेमक्या त्याच दिवसांत सोजरबाईंना सुनेच्या कामात खोट दिसू लागली. टोपलीला हात लावला की, “ठेव ते. तू उचलली का वांगे दबतात.” हंडा घेतला की, “अर्धं पानी रस्त्यानं सांडतं. दे इकडं.” फाट्यापर्यंत ओझं न्यायचं तर, “तुह्या संगं गेलं का बस चुकते.” शेवटी तिच्यापुढे कोथिंबिरीचा ढीग टाकून त्यांनी सांगितलं की जुड्या बांधत बस, तेवढं तरी धड कर. मीनलला फार लागायचं. लग्नाला तीन वर्षं झाली, आणि आता या बाईला माझ्या हातचं पाणीही चालेनासं झालं, असं तिला वाटायचं.

एकतीस ऑगस्टला सोजरबाईंनी स्वयंपाकही स्वतःच केला. दुपारी मीनलनं डाळीचा डबा उघडला तर गोळ्यांची पट्टी तळाशी नव्हती. वरच होती, डाळीवर सरळ ठेवलेली.

तिनं झाकण लावलं, पण सासूला कळलं होतंच. उद्या एक तारीख. जाऊन पाय धरावे, तर मागच्या वेळी पाय धरून काय झालं ते तिला माहीत होतं. घरी थांबावं, तर भोंगा घरापर्यंत ऐकू येतो. रात्रभर तिला झोप नाही, आणि पलीकडच्या खोलीत सोजरबाई शांत घोरत होत्या.

सकाळी अय्यगारूंसोबत कॅमेरा घेऊन एक माणूस आला होता. अय्यगारूंचं यूट्यूबवर चॅनल आहे, आणि त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की वामनरावांच्या दोन वाक्यांत सोजरबाई मावत नाहीत. म्हणून मूळ साक्षच चित्रित करायची होती. शिवाय ऑक्टोबरच्या अखेरीला बाजारहत्नूरला तीन दिवसांची मोठी सभा होती. तिथं हजार-दीड हजार माणसांपुढे सोजरबाईंना वीस मिनिटं द्यायचं ठरत होतं. सोजरबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. मीनल मागच्या भिंतीला टेकून बसली.

आधी बंडू उठला. त्याची चोरीला गेलेली मोटारसायकल सापडली होती, मेव्हण्याच्याच अंगणात. मग सुनयनाबाई उठल्या, सोजरबाईंच्याच वयाच्या, त्यांची कोंबडी हरवली होती ती परत आली होती. वामनरावांनी दोन्ही तारखा विचारून घेतल्या. मग त्यांनी सोजरबाईंचं नाव घेतलं. कॅमेरेवाला पुढे सरकला. बाहेर भगवानरावांनी कप खाली ठेवला.

सोजरबाई उठल्या, माइक घेतला, पदर सारखा केला. मीनलनं डोळे मिटले.

“कोथमीर बरी आली,” सोजरबाई म्हणाल्या. “प्रभूची स्तुती असो.” आणि बसल्या.

मूळ साक्षीला लागला तेवढाच वेळ भाषांतराला लागण्याची वामनरावांच्या आयुष्यातली ती पहिली खेप. अय्यगारूंनी मान तिरपी करून तेलुगूत विचारलं, आणि वामनरावांनी ते मराठीत केलं, की अजून काही असेल, आठवून पाहा. सोजरबाईंनी बसल्या जागेवरून सांगितलं, “नाई. या महिन्यात आमच्या घरी काईच झालं नाई.” कॅमेऱ्याचा लाल दिवा विझला. भगवानराव पायरीवरून उठले आणि दुकानात जाऊन उगीचच पोती हलवू लागले.

मीनलला हायसं वाटलं, पण ते घरी पोचेपर्यंतही टिकलं नाही. वाटेत तिच्या डोक्यात उजेड पडला. पत्र्याच्या खोलीत, चाळीस माणसांपुढे, एवढी मोठी गोष्ट सोजरबाई कशाला खर्च करतील? बाजारहत्नूर दोन महिन्यांवर होतं. तोवर चौथा सरत येईल, गोष्ट आणखी वजनदार होईल. वाईट बातमी आणि चांगली बातमी कितव्या वाक्याला सांगायची हे ज्या बाईला कळतं, तिला ती कुठल्या गावात सांगायची हे कळणार नाही होय? सासू गोष्ट मुरवत ठेवते आहे, लोणच्यासारखी. या विचारानं मीनलचा सप्टेंबर गेला.

एक ऑक्टोबरला सोजरबाईंनी साक्ष दिली की वांग्यावर अळी पडली होती, ती गेली. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, कॅमेऱ्याला बुजली. कुणी म्हणालं, मोठेपणा आला, आता लहान खोलीत बोलत नाही. सुनयनाबाईंचं म्हणणं पडलं की तिचा विश्वासच थंडावला आहे, आणि हे त्यांनी अशा काळजीनं सांगितलं की ऐकणाऱ्याला त्या खूश आहेत हे कळू नये. अय्यगारूंनी सोजरबाईंना पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवला आणि त्यांचा विझत चाललेला दिवा पुन्हा पेटावा म्हणून मोठी प्रार्थना केली. सोजरबाई मान खाली घालून उभ्या होत्या. नऊ वर्षांत त्यांच्यासाठी कुणाला अशी प्रार्थना करावी लागली नव्हती.

बाजारहत्नूरची गाडी सकाळी सातला निघणार होती. आदल्या संध्याकाळी सोजरबाईंनी निरोप पाठवला की गुडघे धरलेत, येणं होत नाही, सुनयनाला न्या. सुनयनाबाई गेल्या. कोंबडी त्यांनी तीन मिनिटांत आटोपली, उरलेली सतरा मिनिटं अय्यगारूंनाच गावं लागलं. इकडे गुडघे धरलेल्या सोजरबाई त्या दिवशी सकाळपासून सांजेपर्यंत वांग्याच्या वाफ्यात उकिडव्या बसून खुरपत होत्या.

मीनल मळ्याच्या कडेला जुड्या बांधत ते बघत होती. एक वाफा झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला सोजरबाई तशाच बसल्या बसल्या सरकल्या, आणि मीनलच्या हातातली जुडी तशीच राहिली. हजार माणसं सोडून ही बाई इथं गवत उपटते आहे. मग टोपलीचंही तिला कळलं, हंड्याचंही कळलं, आणि डाळीवर पट्टी अशी समोर का ठेवली होती तेही कळलं. गोळ्या शोधताना रोज तो जड डबा खाली उतरवून उपसावा लागू नये म्हणून. मीनलला लाज वाटली. दोन महिने ती मनातल्या मनात या बाईला काय काय बोलली होती.

पण बोलायचं कसं? “कळलं मला” म्हणावं तर सगळंच उघडं करावं लागणार. दोघींचं न बोलणं इतकं नीट चाललं होतं की त्याला हात लावायची मीनलला भीती वाटली. तिनं फक्त जीवनला सांगितलं, आणि तोही शहाणा निघाला. आईसमोर चेहरा न्यायचाच नाही म्हणून आठ दिवस बाहेरच जेवला.

एक नोव्हेंबरला सोजरबाईंनी मुळा चांगला पोसल्याची साक्ष दिली. तीन तारखेला दुपारी अय्यगारू आणि वामनराव घरी आले.

धोंडीबांनी पाहुण्यांना वंदन केलं, वांग्यांना पाणी सोडायचं आहे असं सांगितलं आणि निघून गेले. मीनलनं चहा ठेवला. थंडी लवकर पडली होती, म्हणून तिच्या अंगात जीवनचा ढगळ स्वेटर होता. अय्यगारू भला माणूस. त्यांना सोजरबाईंची खरंच काळजी वाटत होती, रात्री झोप लागली नाही म्हणाले. वामनरावांनी मात्र कामाला सुरुवात केली. विश्वास कोणत्या तारखेपासून कमी झाला, त्याआधी काही घडलं का, घरात कुणी मना केलं का. सोजरबाई प्रत्येकाला नाही म्हणत गेल्या. शेवटी अय्यगारूंनी आपल्या मोडक्या मराठीत स्वतःच विचारलं, “अम्मा, काही पाप आहे का, लपवलेला?”

सोजरबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “हाय.”

वामनराव पुढे सरकले. काय, असं दोघांनीही विचारलं.

“ते सांगाचं नाई.”

अय्यगारूंनी पुष्कळ समजावलं. कबूल केलं की माणूस मोकळा होतो, देव क्षमा करतो. सोजरबाई म्हणाल्या की देवाला माहीत आहे, तेवढं पुरे. मग अय्यगारूंनी जड मनानं सांगितलं की तसं असेल तर मन शुद्ध होईस्तोवर तुम्ही माइक घेऊ नका, मागं बसा, आणि बायांची शुक्रवारची प्रार्थना सुनयनाअम्मा चालवतील. वामनरावांना यातला एकही शब्द कमी करता आला नाही, कारण अय्यगारू मराठीतच बोलले.

“बरं,” सोजरबाई म्हणाल्या.

मीनल दारात चहाचे कप घेऊन उभी होती. माइक नसलेल्या सोजरबाई तिनं तीन वर्षं देवाकडे मागितल्या होत्या. आता त्या समोर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून, आणि तिला ते बघवेना. तिनं ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, “मले पाचवा लागला हाय. म्हनून आत्याबाई बोलत नाईत. त्याइनं काई पाप केलं नाई.”

वामनरावांनी आधी तिच्या ढगळ स्वेटरकडे पाहिलं. मग अय्यगारूंचा चेहरा असा उजळला की त्यांना भाषांतराची गरज पडली नाही. त्यांनी उभं राहून प्रार्थना केली, लांबलचक, तेलुगूत, डोळ्यांत पाणी आणून. आणि आमेन म्हटल्याबरोबर ते म्हणाले की केवढी मोठी साक्ष आहे ही, डिसेंबरच्या एक तारखेला सोजरअम्मांनी पुढे येऊन ती द्यायलाच हवी, कॅमेरा मी घेऊन येतो. वामनराव जाताना म्हणाले की मी कशाला कुणाला सांगतो, आणि हे ते ज्या आवाजात म्हणाले त्यावरून गावाला कळायला संध्याकाळ लागणार नाही हे स्पष्ट होतं. थोड्याच वेळात गल्लीच्या टोकाला ते भगवानरावांच्या पायरीवर टेकलेले दिसले.

दार लोटून सोजरबाई मीनलकडे वळल्या, आणि त्यांचा राग मीनलनं तीन वर्षांत असा पाहिला नव्हता.

“काऊन सांगतलं? तीन महिने मी तोंड शिवून ठेवलं. अन् तुले एक चहा होईस्तोवर दम निंगला नाई?”

“तुमाले मागं बसवून राह्यले होते ते.”

“मंग बसवू द्याचं. मागं का बसाले जागा नाई?” त्या खाटेवर बसल्या, आणि राग जसा आला तसा निघून गेला. “दोन लेकरं माह्या तोंडानं गेली पोरी. मी सांगतलं, अन् गेली. तेच माहं पाप. देवाले रोज इचारते, तो काई बोलत नाई.”

हेच वाक्य मीनलनं वर्षभर मनाशी धरून ठेवलं होतं. कधी भांडण झालंच तर सासूच्या तोंडावर फेकायला. आता ते सासूच्याच तोंडून ऐकलं आणि तिला ते अगदी खोटं वाटलं. इतकं खोटं की आपण ते इतके दिवस कसं धरून बसलो याचंच तिला नवल वाटलं. ती शेजारी बसली. म्हणाली, “डॉक्टरीनबाईनं सांगतलं मले. पिशवी नाजूक हाय, म्हनून गेली. सांगतल्यानं काई होत नसते आत्याबाई.”

“तिले काय माईत?” सोजरबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. “तिनं माही साक्ष आइकली हाय का?”

मीनलला हसू फुटलं. आपण या वेळी हसायला नको हे कळत असूनही ते थांबेना, आणि हसता हसता कधी रडू आलं ते तिलाही समजलं नाही. सोजरबाईंना आपण काय गमतीचं बोललो ते कळलं नव्हतं. त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं की रडायचं तर आडवी होऊन रड, बसून कंबरेवर ताण येतो.

डिसेंबरच्या एक तारखेला त्या गेल्या नाहीत. अय्यगारूंना गुडघ्यांचा निरोप गेला. मीनलनं आदल्या दिवशी सांगून पाहिलं होतं की जा, सगळ्या गावाला तर कळलंच आहे, आता तुमच्या सांगण्यानं काय बिघडणार. सोजरबाई म्हणाल्या, गावाला कळलं ते वामनभाऊनं सांगितलं म्हणून, त्याचं सांगणं काही देवापर्यंत जात नाही. पहाटे भोंग्यातून सुनयनाबाईंचा आवाज आला. कोंबडी पुन्हा हरवली होती. सोजरबाई चुलीजवळ बसून ऐकत होत्या आणि त्यांचा जीव तुटत होता. “कोंबडी पयले हरवू तं दे बाई,” त्या पुटपुटल्या. “सुरुवातीलेच सापडली म्हनते, तं मानसं बसतीन कायले?”

भोंगा थांबला तशा त्या खाटेच्या कडेला बसल्या, डोक्यावर पदर घेतला आणि त्यांनी डोळे मिटले. नवा महिना प्रार्थनेशिवाय सुरू करायचा नाही, हे त्यांना पत्र्याच्या खोलीनं शिकवलं होतं. ते काही गुडघ्यांच्या निरोपानं सुटणार नव्हतं. मीनल पलीकडे उशीला टेकून बसली होती. सोजरबाईंचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. सरसर हलत होते, मध्येच थांबत होते, पुन्हा हलत होते, आणि एकदा तर त्यांनी हातही जरा उचलला, पुढच्या माणसाला थांब म्हणावं तसा. काहीतरी मोठं चाललं होतं. मीनलनं कान दिला, पुढे वाकून पाहिलं. एक अक्षर कळेना. तीन वर्षं तिला हेच हवं होतं, आणि आता तिला राहवेना.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “जरा मोठ्यानं म्हना ना.”

सोजरबाईंनी एक डोळा उघडला आणि तिच्याकडे बघितलं, खरंच म्हणते आहे की कसं ते पाहायला. मग त्या उठल्या. दार लावलं, कडी घातली, खिडकीची दोन्ही झडपं ओढून घेतली, आणि येऊन सुनेच्या अगदी जवळ बसल्या. सुरुवात त्यांनी पहिल्या लेकरापासून केली, आणि कुठंही घाई केली नाही.